जुनं घर घेऊन रिनोव्हेट करायचंय? आधी त्याचं वय काढा

जुनं घर विकत घेऊन, नीट करून त्यात राहायचं असं मनात असेल तर लोकेशन, रेट, कार्पेट एरिया हे सगळं नंतर बघा, आधी ते घर कुठल्या सालचं आहे ते काढा. सालावरून भिंतीत काय आहे ते कळतं, चुना की सिमेंट, साग की सळई, पाइप कशाचा, वायर कशाची, आणि कागदपत्रांत कुठला घोळ निघू शकतो त्याचाही बराच अंदाज येतो. आम्ही पुण्यात पेठांतले वाडे, साठच्या दशकातले बंगले, ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या असं सगळं बघत फिरलो आणि शेवटी १९६७ सालचा एक छोटा बंगला घेऊन आता त्यात राहतोय. या सगळ्या फिरण्यातून माझं एक ठाम मत झालंय आणि ते बऱ्याच जणांना उलटं वाटतं. सगळ्यात जुनं घर सगळ्यात धोक्याचं असतं असं अजिबात नाही. सगळ्यात जास्त तपासून घ्यायचं ते साधारण १९७० ते १९९५ मधलं आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचं, बांधकाम. का ते पुढे सांगते.

१. एजंट सांगेल ते वय धरू नका, स्वतः काढा

"असेल वीस-बावीस वर्षांची बिल्डिंग" हे वाक्य तुम्हाला पस्तीस वर्षांच्या बिल्डिंगबद्दलही ऐकायला मिळेल. कागदावर वय काढायचं तर भोगवटा पत्र म्हणजे ओसी, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशावरची तारीख, आणि घरपट्टीची पहिली आकारणी कुठल्या वर्षी झाली हे बघा. सोसायटीच्या नोंदणीचं साल म्हणजे बिल्डिंगचं साल नव्हे, कारण नोंदणी बऱ्याचदा लोक राहायला आल्यावर काही वर्षांनी होते. गावातलं किंवा गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा घराचा उतारा म्हणजे नमुना ८ आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक मागा.

कागद नसतील किंवा संशय असेल तर घरच बघा. फरशी बघा: शहाबादी किंवा कोबा असेल तर जुनं, मोझॅक टाइल साधारण साठ ते ऐंशीच्या दशकातली, व्हिट्रिफाइड बहुतेक २००० नंतरची. बटणं बघा: लाकडी बोर्डवर काळी गोल बेकलाइटची बटणं असतील तर वायरिंगसुद्धा बहुधा त्याच काळातलं. खिडक्या लाकडी आणि आडव्या गजांच्या, की लोखंडी चौकटीच्या, की अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग? पण फ्लॅटच्या आतलं सगळं बदललेलं असू शकतं म्हणून आत बघून समाधान मानू नका, जिन्यातली फरशी बघा, मीटरची खोली बघा, माळ्यावर चढा, भिंतीतल्या कपाटाच्या आत टॉर्च मारा. विकायच्या आधी लोक हॉल रंगवतात, माळा कोणी रंगवत नाही.

अजून एक, एकाच घराला दोन-तीन वयं असतात. खालचा मजला १९५५ चा, वरचा १९८२ चा, मागची खोली आणि संडास त्याहून नंतरचा असं सर्रास असतं. प्रत्येक भागाचं वय वेगळं लिहून ठेवा आणि जोड कुठे आहे ते बघा, भेग आणि गळती बहुतेक वेळा त्या जोडावरच सापडते. शिवाय वाढवलेला भाग मंजूर नकाशात आहे का हा प्रश्न वेगळाच.

२. घर कुठल्या काळातलं, त्यावरून काय समजायचं

१९५० च्या आधीचं: वाडा, कौलारू घर, चिऱ्याचं घर

सागाचे खांब, तुळया, वर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, भिंती दगड-वीट-माती किंवा चुन्याच्या. दिसायला भयंकर दिसतं, पोपडे, वाकलेला मजला, कोळ्यांची जाळी. पण याचा मोठा फायदा म्हणजे यातला बहुतेक भाग सुटा करून बदलता येतो. एक तुळई खराब झाली तर टेकू देऊन तेवढी तुळई बदलता येते, बाकी घर उभं राहतं.

वाड्यात तुळई मधे कशी दिसते ते बघू नका, ती भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा. पेठेतल्या एका वाड्यात आमच्या बरोबरच्या सुताराने काय केलं, मधल्या भागात स्क्रू ड्रायव्हर टोचला तर टोकही रुतलं नाही, लाकूड अगदी टणक. मग शिडी लावून भिंतीलगत टोचला तर तोच स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर भुसा पडला. भिंतीतून पाणी मुरत असतं, टोक कुजतं, मग वाळवी लागते आणि रंगाखाली काहीच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं आणि प्रत्येक खांबाचा तळ टोचून बघायचाच. मालक नाही म्हणाला तर ते घर सोडा.

दुसरी गोष्ट मी हात जोडून सांगते, चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मग ती आणखी वर चढते, लाकडात जाते, आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर ढपले होऊन सुटतं. कॉन्ट्रॅक्टर सिमेंटच सुचवेल कारण त्याला तेच येतं. चुन्याचं काम करणारा गवंडी शोधा, वेळ लागला तरी चालेल. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंतीलाही हेच लागू आहे.

पुण्यात नदीकाठच्या पेठांत घर बघत असाल तर आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मातीच्या भिंतींचे खालचे भाग नंतर कसे दुरुस्त केले, की नुसते लिंपले, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. मराठवाड्यात माळवदाचं घर असेल तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा, जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत यामुळेच तिथे एवढी माणसं गेली. माळवद ठेवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि वर मातीचे थर तर वाढवूच नका.

१९५० ते १९७०: लोड बेअरिंग बंगले आणि चाळी

जाड विटांच्या किंवा दगडाच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, कॉलम नाहीत. माझी सगळ्यात आवडती घरं ही. भिंत जाड असल्यामुळे उन्हाळ्यात गार राहतात, खोल्या उंच असतात, आणि स्लॅब सोडला तर गंजायला लोखंड कमी. अट एकच, भिंत पाडायची नाही, कारण तीच वरचा स्लॅब पेलते. ओपन किचन हवं, हॉल मोठा हवा, दोन बेडरूम एक करायच्यात असा तुमचा प्लॅन असेल तर या काळातलं घर घेऊच नका. आहे त्या खोल्यांत राहायची तयारी असेल तर घ्या. दार मोठं करायचं असेल तरी इंजिनिअरकडून वर लिंटेल कसं द्यायचं ते काढून घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर नको.

१९७० ते १९९५: इथे थांबा आणि नीट बघा

या काळात शहरं धडाधड वाढली, तीन-चार मजली आरसीसी बिल्डिंगा उभ्या राहिल्या. काँक्रीट साइटवर हाताने किंवा छोट्या मिक्सरने कालवलेलं, पाणी किती घातलं त्याला धरबंध नाही, समुद्रकाठच्या भागात काही ठिकाणी खाडीची खारट वाळू. सळया पीळ दिलेल्या टॉरच्या, आज वापरतात त्या टीएमटी सळया नव्वदच्या दशकापासून रुळल्या. आरसीसीच्या आयएस ४५६ या मानकात १९७८ मध्ये एम १५ काँक्रीट (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) चालत होतं, २००० च्या आवृत्तीत किमान एम २० केलं. भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या त्याचं आयएस १३९२० हे मानक १९९३ चं. म्हणजे त्याआधीच्या बिल्डिंगमध्ये ते धरून काम झालेलं असण्याची अपेक्षा ठेवू नका.

प्रॉब्लेम असा की सळई आतून गंजते तेव्हा बाहेरून फ्लॅट छान दिसतो. गंजलेलं लोखंड फुगतं, काँक्रीटला आतून ढकलतं, मग सळईच्या रेषेत बारीक सरळ भेग पडते, मग एक दिवस स्लॅबचा पोपडा खाली. आणि वाड्यातल्या तुळईसारखी सळई सुटी काढून बदलता येत नाही. शिवाय बिल्डिंग सगळ्यांची आहे, तुमचा फ्लॅट तुम्ही कितीही चकाचक केलात तरी पार्किंगमधला कॉलम खराब असेल तर काय उपयोग. म्हणून या वयाच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटच्या आधी पार्किंग, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि छज्जे बघा.

१९९५ नंतरचं

तुलनेने सोपं. बहुतेक वेळा बाथरूमची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा आणि जुने फिटिंग एवढ्यावर भागतं. २०१० नंतरचं घर असेल तर रिनोव्हेशनपेक्षा इंटिरियरच जास्त, तिथे माझ्या सल्ल्याची फार गरज नाही, फक्त ओसी आहे का ते बघा.

३. बघायला जाताना बरोबर काय न्यायचं

चांगला टॉर्च, लांब स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, मोजायची टेप, काचेची गोटी, अर्थिंग तपासायला टेस्टर असलेला इलेक्ट्रिशियन. शक्यतो पावसाळ्यात जा, जुलै-ऑगस्टमध्ये जे घर बघाल ते खरं घर. उन्हाळ्यात पहिल्यांदा बघितलं असेल तर शक्य असेल तर पाऊस पडून जाईपर्यंत व्यवहार लांबवा.

हातोडीने भिंत आणि स्लॅबच्या खालची बाजू हलकेच ठोकायची. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे प्लास्टर सुटलंय. फरशीवर गोटी सोडा, एका कोपऱ्याकडे पळाली तर उतार कुठे आणि का ते शोधा. भेगा बघताना रंगातल्या जाळीसारख्या भेगांना घाबरू नका, पण दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी आणि वर रुंद होत जाणारी भेग दिसली तर पाया खचला असू शकतो.

पाइप: जुने जीआयचे म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात, सगळे नळ एकदम सोडून बघा, धार किती बारीक होते ते कळेल. सांडपाण्याचे बिडाचे पाइप बाहेरून सांध्यापाशी बघा. वायरिंग लाकडी पट्टीवरचं किंवा अॅल्युमिनियमच्या तारेचं असेल तर "थोडं बदलू" असा विचार करू नका, पूर्ण नवीन घ्यावं लागेल, अर्थिंगसकट. वर सिमेंटचे पत्रे असतील तर जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं, ते कोरडे तोडू-कापू देऊ नका, पाणी मारून अख्खे उतरवून घ्या, त्याची धूळ फुप्फुसासाठी फार वाईट.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भेटा. त्यांचं बाथरूम तुमच्या डोक्यावर आहे. त्यांनी कधी वॉटरप्रूफिंग केलंय, दुरुस्तीला जाऊ देतात का, हे बोलण्यातच समजतं.

४. स्ट्रक्चरल ऑडिट: नुसतं सर्टिफिकेट नको, रिपोर्ट मागा

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत ७७ नंबरचा नियम आहे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरच्या बिल्डिंगचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला ते बंधनकारकच आहे. म्हणजे ३५ वर्षांच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघताय आणि सेक्रेटरी म्हणतायत "ऑडिट? तसं काही केलं नाही अजून", तर हेच एक उत्तर समजा.

रिपोर्ट मिळाला तर इमारत कुठल्या वर्गात टाकलीय ते बघा. मुंबईत सी १ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी २ ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी २ बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी ३ म्हणजे किरकोळ. रिनोव्हेशनसाठी घ्यायचं असेल तर सी ३, फार तर सी २ बी आणि तीही दुरुस्ती झालेली असेल तरच.

कुठल्या टेस्ट केल्या ते वाचा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या चाचण्या काँक्रीटची एकंदर स्थिती सांगतात, हाफ सेल चाचणी सळई गंजत असण्याची शक्यता सांगते. पण मला सगळ्यात पटलेली टेस्ट कार्बोनेशनची, कारण ती डोळ्यांनी दिसते. १९८० च्या दशकातल्या एका सोसायटीत इंजिनिअरने आमच्यासमोर केली. पार्किंगमधल्या कॉलमला छिन्नीने छोटा खड्डा पाडला, धूळ फुंकून टाकली आणि फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला. काँक्रीट चांगलं असेल तर ते गडद गुलाबी होतं, कारण त्यातला अल्कलीपणा शाबूत असतो आणि तोच सळईला गंजापासून राखतो. तिथे खड्ड्याच्या अगदी तळाशी, सळईच्याही मागे, गुलाबी रंगाची एक बारीक कडा आली आणि बाकी सगळं राखाडीच राहिलं. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईच्या पलीकडे पोचला होता, सळईचं संरक्षण संपलेलं. वर तिसऱ्या मजल्यावर तो फ्लॅट इतका सुंदर ठेवलेला होता की ही टेस्ट बघितली नसती तर आम्ही हो म्हटलं असतं.

बंगला किंवा वाडा असेल तर सोसायटीचा प्रश्न नाही, स्वतःचा इंजिनिअर न्या. विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते.

५. कागदपत्रं, वयाप्रमाणे

सगळ्यांनाच लागणारे कागद:
- मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, फेरफारांसकट
- आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा)
- वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काची तपासणी
- मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र
- घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिलाच्या शेवटच्या पावत्या
- फ्लॅट असेल तर शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-हरकत दाखला, आणि कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का त्याचा पुरावा

घर जितकं जुनं तितके वारस जास्त. वाड्याच्या पत्रकावर आजोबांचं नाव आणि समोर विकायला बसलेला एक नातू, असं असेल तर सगळ्या शाखांच्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा, सह्या किंवा हक्कसोडपत्रं लागतील. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायको दोघांचा हक्क असतो, त्यामुळे प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचीही सही बघा. वाड्यात भाडेकरू असेल तर भाडं महिना पन्नास रुपये का असेना, त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं. "तो जाईल, आम्ही बघतो" यावर विश्वास ठेवू नका, लेखी ताबा मिळाल्यावरच पैसे.

मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या बऱ्याच इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, आहेत, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीतल्या, आणि त्यातल्या कितीतरी खोल्या पागडीच्या. पागडीत तुम्ही भाडेकरूचा हक्क घेता, मालकी नाही. त्यावर लाखोंचं रिनोव्हेशन करण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी आणि भाडेपावती तुमच्या नावावर होणं हे दोन्ही हवं.

कोकणात समुद्राजवळचं घर असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या नियमांची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे, घर त्याआधीपासून अधिकृतपणे उभं असल्याचा पुरावा असेल तर दुरुस्तीचा मार्ग बराच सोपा होतो. जुनी घरपट्टीची पावती इथे सोन्याची. आणि घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर तेही बघा, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मग त्यावर पणजोबांच्या काळचं घर असलं तरी.

६. रिडेव्हलपमेंटची कुजबुज आहे का?

चाळीशीतल्या सोसायटीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागून वाचा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या २०१९ च्या सुधारित निर्देशांप्रमाणे निम्म्याहून जास्त सभासदांनी होकार दिला की पुनर्विकास पुढे सरकतो, त्यात तुमचं नवीन किचन कोणी मोजत नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमलेला असेल तर फक्त रंग आणि आवश्यक दुरुस्ती करा, किंवा रिनोव्हेशन करायचंच असेल तर दुसरं घर बघा.

७. पैसे कुठे आधी लावायचे

क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग स्ट्रक्चर, मग पाइप आणि वायर, आणि सगळ्यात शेवटी फरशी, रंग, फर्निचर. गळती थांबवल्याशिवाय रंग म्हणजे पैसे भिंतीवर ओतणं. नव्वदनंतरच्या फ्लॅटला अंदाजाच्या वर पंधरा-वीस टक्के हाताशी ठेवा, लोड बेअरिंग बंगल्याला आणि वाड्याला माझ्या मते तीस तरी, कारण भिंत उघडल्यावर काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. बँक कर्ज देताना इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते, त्यामुळे जुन्या घराला कमी रक्कम किंवा कमी मुदत मिळू शकते, हे टोकन द्यायच्या आधीच बँकेत विचारून घ्या. राडारोडा उचलायचा खर्चही धरा, अंदाजपत्रकात तो बहुतेक वेळा नसतोच.

जुन्या स्लॅबवर वजन वाढवू नका. जुन्या फरशीवर नवीन फरशी, गच्चीवर जुन्या कोब्यावर नवीन कोबा, वर आणखी मातीची बाग, हे सगळं वजन त्याच जुन्या सळयांवर येतं. जुनं काढा आणि मग नवीन टाका.

८. टोकन देताना

टोकनच्या पावतीवर लिहून घ्या की स्ट्रक्चरल रिपोर्ट आणि टायटल सर्च समाधानकारक आला नाही तर रक्कम पूर्ण परत. आणि इंजिनिअरला तपासणीसाठी, गरज पडली तर थोडं प्लास्टर काढून बघायला, किती दिवस घर उघडं मिळेल तेही त्यातच लिहा, काढलेलं प्लास्टर आपण परत करून देऊ हेही. वाडा असेल तर तुळयांची टोकं टोचून बघण्याचा स्पष्ट उल्लेख असू द्या. सोसायटीत काम करणार असाल तर कामाच्या वेळा, लिफ्टमधून सामान नेण्याचा चार्ज आणि डिपॉझिट किती ते सेक्रेटरींकडून लेखी घ्या, आणि कॉलम-बीमला हात लावणार नाही असं कॉन्ट्रॅक्टरकडूनही करारात सहीनिशी घ्या.